दादाचा शर्ट परत आणला

यशवंतपूर, बंगलोर
१४ मार्च १९६६

ती. आईस,
श्रीकांतचा तुझ्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे, कारखान्यातही सगळे सुरळीत आहे.

तुझ्या सांगण्यावरून दादाचा लष्करातला शर्ट मी इथल्या मंडळाच्या युद्ध संग्रहालयाला दिला होता. काल तो परत आणला.

संग्रहालय म्हणजे हॉलमागची एक खोली. रविवारी आम्ही काहीजण तिथे सेवेला जातो, कपड्यांना ऊन देतो, घड्यांत कडुलिंबाचा पाला घालतो. काल कपाट रिकामे दिसले. मोठे पाहुणे येणार म्हणून अध्यक्ष आप्पाजींनी सगळे गणवेश धोब्यासाठी गाठोड्यात बांधले होते. दादाच्या बाहीवर सीमेवरची माती तशीच होती.

"स्वल्प कांजी घातली की नवे दिसतील. शहीद काय मळक्या कपड्यांत दाखवायचे?" आप्पाजी म्हणाले.

"दादा मळक्या कपड्यांतच गेला," मी म्हणालो.

ते हसले आणि स्वतःच्या नावाची पाटी कुठे ठोकायची ते सुताराला दाखवू लागले. अशा माणसाशी वाद घालण्यात मला कमीपणा वाटला. मी गाठोडे सोडले, दादाचा शर्ट काढून घेतला, बाकीचे कपडे कपाटात लावले आणि कुलूप घालून किल्ली खिशात घातली.

शर्ट न धुता ठेवला आहे. हवा असल्यास मी स्वतः घेऊन येईन, पोस्टाने पाठवणार नाही. बाबांचा खोकला कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

येत्या रविवारीही मी जाणार आहे. ते कपडे देणाऱ्या आया बेळगाव, धारवाडला आहेत. त्यांचे इथे कोणी नाही.

जिवाला जप.
तुझा,
श्रीकांत