वीडुविल्टला चड्डी घालायला लावण्याची मोहीम

१२ मे, संध्याकाळ
सोसायटीची निवडणूक हरलो. ही सोसायटी बागांची. रोस्टॉक शहराच्या कडेला प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा, एक लाकडी खोपटं आणि एक शेजारी मिळतो. माझा शेजारी ओट्मार वीडुविल्ट अध्यक्ष झाला. जन्मभर बंदरात क्रेन चालवली, आता आम्हाला चालवणार. मला एक मत पडलं. माझ्या रोस्वीथाने नवऱ्याला साथ दिली, बायको असावी तर अशी. माझं स्वतःचं मत मोजायचं राहून गेलेलं दिसतं.
सूड घेणार. थंड डोक्याने. डोकं थंड राहावं म्हणून आजपासून बिअर बंद.

१३ मे
बिअर सोमवारपासून बंद. (आज सोमवार आहे असं रोस्वीथा म्हणते. मग पुढच्या.)
वीडुविल्टचं झुडपांचं कुंपण माझ्या डोक्याच्या वर जातं. नियम छातीपर्यंतचा. तक्रार केली. अध्यक्षाची तक्रार अध्यक्षाकडेच करावी लागते, ही आपली लोकशाही. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं गेर्नोट, शनिवारी कापतो. कपाळावर आठी नाही. आतून जळफळत असणार.

१८ मे
कापलं! कात्री चालली की माझ्या काळजाला गार वाटायचं. त्याने उद्या रडत माफी मागितली तरी द्रवायचं नाही, असं ठरवलं आहे.

१९ मे, सकाळी
कॉफीचा कप घेऊन कुंपणाजवळ आलो. छातीइतक्या कुंपणापलीकडे वीडुविल्ट टोमॅटोंना पाणी घालत होता. अंगावर चष्मा. बाकी काही नाही. खाली वाकला तेव्हा चष्माही दिसेना. मला सुप्रभात म्हणाला. रोस्वीथाने त्याला हात केला.
ती म्हणते, तो वर्षानुवर्षं असाच असतो, कुंपणामुळे दिसत नव्हता इतकंच. तुला कसं माहीत, असं विचारलं. सगळ्यांना माहीत आहे, म्हणाली.
मी पश्चिम जर्मनीतला, लग्न करून इकडे पूर्वेला आलो. इकडचे लोक पोरवयापासून समुद्रात नागडे डुंबतात. रोस्वीथाही त्यातलीच. दर रविवारी नागड्यांच्या किनाऱ्यावर एकटी जाते. आधी मला चल म्हणायची, आता म्हणत नाही. तिला एकांत आवडतो.
असो. मासा आपण होऊन जाळ्यात आला आहे. या देशात कायदा आहे की नाही?

२१ मे
आहे, पण विचित्र आहे. पोलीस चौकीत झार्निको नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांचं म्हणणं, नुसतं नागडं असणं हा गुन्हा नाही. स्वतःच्या बागेत तर नाहीच. चार लोकांना उपद्रव झाला तर दंडाचा विचार होऊ शकतो. मी म्हटलं, अख्ख्या सोसायटीला झाला आहे. त्या म्हणाल्या, मग त्यांना घेऊन या.
आणतो. मिरवणूकच आणतो.

२४ मे
घरोघर फिरलो. लोक घाबरलेले आहेत, उघड बोलत नाहीत. ब्रूझेहाबरबाई ऐंशीच्या पुढच्या, कोपऱ्यावरच्या बागेतल्या. वाटलं, निदान त्या तरी चिडतील. त्यांनी मला केक दिला आणि म्हणाल्या, "त्रास कसला रे बाबा? कुंपण कापल्यापासून मी खुर्ची या बाजूला आणून ठेवली आहे."
केक बरा होता. मिरवणुकीचा बेत तूर्त स्थगित.

२ जून
पुरावा हवा. फोटो. शिडी चेरीच्या झाडाला लावून कॅमेरा घेऊन वर चढलो. शिडी डगमगली. वीडुविल्टने पाहिलं आणि कुंपणाला वळसा घालून धावत आला, जसा होता तसा. खाली उभा राहून शिडी घट्ट धरली आणि म्हणाला, सावकाश उतर, घाई नको. फोटोत फक्त त्याचं टक्कल आलं आहे.
मला उतरवून घेताना त्याने मला धरलं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

४ जून
वकिलाकडे गेलो. टक्कल दाखवलं. त्याने विचारलं, हा फोटो कुठून काढला? शिडीवरून, म्हटलं. वकील म्हणाला, तो स्वतःच्या बागेत नागडा आहे तोवर सुरक्षित आहे, पण शिडीवर चढून शेजाऱ्याचे नागडे फोटो काढणारा माणूस अडचणीत येऊ शकतो. वर सल्ला दिला की फोटो पुसून टाका आणि शेजाऱ्याला घरी बोलवा.
हा वकीलही त्या किनाऱ्यावर जात असणार. रंग पाहिला मी त्याचा. सगळीकडे सारखा भाजलेला.

२३ जून, दुपार
सोसायटीची सभा. मी ठराव मांडला: बागेत कपडे सक्तीचे. वीडुविल्टने अध्यक्ष म्हणून तो मोठ्याने, स्पष्ट वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गेर्नोट, तुला त्रास होतो एवढं नुसतं मला सांग. उद्यापासून चड्डी घालतो. ठराव कशाला?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द बोललो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण मिटवायचं कोणाला आहे? मी म्हटलं, मला मेहेरबानी नको, मतदान हवं.
मतदान झालं. याही वेळी एक मत. रोस्वीथा खंबीरपणे पाठीशी आहे.

२३ जून, पुन्हा
रोस्वीथा आत्ता समुद्रावरून आली. सभेला ती नव्हतीच.

१४ जुलै
इतके दिवस काही लिहिलं नाही. विचार चालू होता. उत्तर सापडलं: जशास तसं. उद्या मी नागडा होणार! त्याला रोज समोर नागडा माणूस बघावा लागला की कळेल शेजारी काय सोसतो ते. माझं पोट तर त्याच्याहून दीडपट आहे.

१५ जुलै, सकाळी
झालो. कुंपणाजवळ उभा राहिलो, कमरेवर हात. वीडुविल्ट म्हणाला, सुप्रभात, आज ऊन कडक आहे हं. बस्स.
रोस्वीथा खोपटातून बाहेर आली आणि दारातच थांबली. मला वाटलं हसेल. हसली नाही. जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी?"
मी हो म्हणायला हवं होतं का? मी खरं ते सांगितलं: वीडुविल्टचा सूड म्हणून. तिने हात काढला.
आता गवतावर पालथा पडतो आहे. शत्रूला मागची बाजूही दिसली पाहिजे.

१५ जुलै, संध्याकाळी
वीडुविल्टने मध्येच येऊन सांगितलं की तुझी मागची बाजू भाजते आहे, क्रीम देऊ का. शत्रूचं क्रीम लावणार नाही म्हटलं आणि झोप लागली.
जाग आली तेव्हा झार्निकोबाई उभ्या होत्या. गणवेशात. म्हणाल्या, वीडुविल्ट यांची बाग आतल्या बाजूला आहे, तुमची समुद्राकडच्या रस्त्याला लागून. ट्रॅफिकमुळे सहलीची एक बस बराच वेळ तुमच्यासमोर उभी होती. बसमधल्या सगळ्यांना उपद्रव झाला आहे आणि सगळे सही करायला तयार आहेत.
मी विचारलं, त्यांना घरोघर फिरून विचारावं लागलं का? नाही म्हणाल्या.
मग वीडुविल्ट आला, जसा होता तसा, आणि माझ्या बाजूने बोलला: "नवखा आहे हो तो. सांभाळून घ्या." बाईंनी त्याच्याशी अदबीने हात मिळवला. दंड मला.

१७ जुलै
खोपटात पालथा आहे. चादरही सहन होत नाही. रोस्वीथा ब्रूझेहाबरबाईंना घेऊन समुद्रावर गेली. जाताना पाणी ठेवून गेली.
दुपारी दार वाजलं. वीडुविल्ट. सुपरमार्केटमधून माझ्यासाठी चक्का घेऊन आला होता, भाजल्यावर गार चक्का थापतात इकडे. तो थापत होता, अगदी हलक्या हाताने, क्रेनवाल्याच्या सवयीने. थापता थापता म्हणाला, "रोस्वीथाला तू खरंच तसं सांगितलंस?" मी उशीत तोंड खुपसलं. त्याने उरलेला चक्का थापला. बराच वेळ बसला. निघताना म्हणाला, रविवारी समुद्रावर जाणाऱ्या गाडीत एक जागा आहे, रोस्वीथा वाट बघेल असं नाही, पण तिला विचारून बघ.
बघतो. बरं वाटल्यावर.
एक गोष्ट मात्र विसरण्याआधी लिहून ठेवतो. दुकानात जायचं म्हणून असेल, पण आज वीडुविल्ट शर्ट, पँट, मोजे, बूट अशा पूर्ण पोशाखात होता. माझ्यासमोर, माझ्या खोपटात. शेवटी कपडे घालायला लावलेच.