शिंपल्यांच्या टाक्या कोणी फोडल्या

औरंगाबाद,
५ जून २०१९

प्रिय हनुमान,

अनेक आशीर्वाद. कडुबामामाचा डावा डोळा गेला. आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. उजवा वाचला.

आई बरी आहे. चिकलठाण्याला काल टँकर आला. सुकेशनीचे दिवस भरत आलेत, तिला उन्हात फिरू देऊ नकोस.

फोनवर तू "अरे देवा" म्हणालास आणि ठेवून दिलास, म्हणून पुन्हा लिहिते. सोमवारी दुपारी तोंडाला रुमाल बांधलेले चौघं माझ्या प्रयोगाच्या खोलीत शिरले. सळयांनी काचेच्या टाक्या फोडल्या. जायकवाडीहून आणलेले शिंपले बुटांखाली चिरडले. मी पोचले तेव्हा मांस, काचा आणि मामाचं रक्त फरशीवर एकत्र झालं होतं. टाक्यांची राखण करणारा मामा आडवा आला होता. एकाने त्याला पाडून हातावर पाय दिला, दुसऱ्याने तोंडावर सळई घातली.

सोमवती अमावस्या, म्हणजे मामा नेहमीसारखा खंडोबाच्या पालखीला गेला असणार, असं त्यांना वाटलं. पण टाक्यांमधलं पाणी उन्हाने तापत होतं, म्हणून तो शिंपल्यांपाशी थांबला होता. मामा सोमवती चुकवत नाही, हे बाहेरच्यांना कुठून ठाऊक असणार?

माझ्या प्रयोगातून काय निघालं ते मार्चमध्ये आधी तुलाच सांगितलं होतं. तुझ्या शेडमध्ये जुनं प्लास्टिक धुतात. प्लास्टिक मऊ करणारी रसायनं त्या पाण्याबरोबर सुखना नदीत जातात. शिंपले त्याने लगेच मरत नाहीत. त्यांच्या रक्तातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी कमी होतात, उरलेल्या सुस्त पडतात. मग चिखलातला एखादा साधा जंतूही त्यांना पुरतो. कवच उघडं पडून ते आतून सडतात.

तू हसलास. "ताई, शिंपल्यांला सर्दी झाली म्हून मी शेड बंद करू व्हय?"

मी म्हणाले, नदीकाठच्या विहिरींचं पाणी माणसं पितात, मी अहवाल देणार. तेव्हा तू हसला नाहीस.

फौजदारांना मी सोमवारी सांगितलं, कोणावर संशय नाही. पण मला तेव्हाच कळलं होतं. खोलीत सगळं फुटलं होतं. फक्त पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं, सरळ उभं. त्या तोडफोडीत झाकण फुटलं म्हणून तोंडावर फडकं बांधलेलं, गाठ आत खोचून. मेंढरांमागे फिरताना आईने आपल्या दोघांना शिकवली तीच गाठ.

मामाला विचारलं. "मला काय दिसलं नाय." मग भिंतीकडे वळून म्हणाला, "माझ्या भनीचं, म्हाळसाचं पोरगं हाय. मानूस फोडलं, पानी नाय सांडू दिलं." थोड्या वेळाने मलाच दटावलं, "शिंपल्यापायी डोळा गेला म्हनून सांगू नको कोनाला. म्हशीनं मारलं म्हन."

सळई तुझ्या हातात होती का, मला ठाऊक नाही.

उद्या अकरा वाजता फौजदार दवाखान्यात जबाब घ्यायला येणार आहेत. मामा म्हैसच सांगेल. मी तुझं नाव सांगणार आहे. हे पत्र आपल्या आप्पांच्या हाती आजच पाठवते, त्यांना वाचता येत नाही. अकराच्या आधी तू स्वतः ठाण्यात गेलास तर मी फाटकापाशी उभी असेन. नाही गेलास, तर संध्याकाळपर्यंत ते तुला सुकेशनीच्या डोळ्यांसमोरून उचलून नेतील.

तुझी सख्खी बहीण, उद्यानंतरही,
शालू