घुमणारी डबी

प्रिय बारके,

आधी उशी नीट कर, पाय लांब कर आणि मग वाच. बरगड्या मोडलेल्या माणसाने हसू नये, शिंकू नये आणि रडू तर मुळीच नये, असं नर्सबाईंनी मला बजावून सांगितलंय. तेव्हा रडू आलंच तर माझ्या नावाने दोन शिव्या घाल, रडू पळून जाईल. फोन करून बोलले असते, पण तुझा फोन तुझ्या नवऱ्याच्या खिशात असतो. मी लावला की तोच उचलतो आणि म्हणतो, ताई, ती झोपलीय. अगं, कुंभकर्णसुद्धा मधेअधे कूस बदलत असेल! भेटायला आले तेव्हा तो स्टुलावर ठाण मांडून बसलेला. मी विचारायचं तुला आणि उत्तर द्यायचं त्याने. शेवटी नर्सबाईंनीच मला जिन्यात गाठलं. हे पत्र त्या धुतलेल्या कपड्यांच्या घडीत घालून तुला देतील. वाचून झालं की त्यांच्याच हातात दे. उद्या दुपारी तुला घरी सोडणार आहेत आणि तो न्यायला येणार आहे. त्याच्याबरोबर तू जाऊ नयेस म्हणून जे काही लिहिता येईल ते सगळं मी आज लिहिणार आहे.

तुझी गिटार माझ्याकडे आली. तोच घेऊन आला, चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी अलगद. टेबलावरून पडली म्हणाला. तू टेबलावरून पडलीस, गिटारही टेबलावरून पडली. तुमच्या घरात ते टेबल आहे की डोंगराचा कडा, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण गिळलं, कारण मला ती गिटार हातात घेऊन बघायची होती. म्हणाला, ताई, निदान दिसायला तरी नीट करून द्या, उद्या ती घरी येईल तेव्हा कोपऱ्यात गिटार दिसली पाहिजे, तिच्याशिवाय तिचा घरात जीव रमत नाही. हे मात्र त्याने खरं सांगितलं. आणि म्हणूनच मी घाबरले, गिटारीसाठी तू परत जाशील म्हणून.

अप्पांच्या हातची शेवटची गिटार ती. अप्पांचे हात आठवतात ना तुला? तासून, घासून, सरस लावून खरखरीत झालेले, फळीसारखे रुंद हात. एकदा का डोकं फिरलं की त्यांना हत्यार शोधावं लागायचं नाही. पट्टा, लाकूड आवळायचा शिकंजा, गरम किटली, जे हाताला लागेल ते. आई गेल्यावर तर विचारायलाच नको. मला ज्या दिवशी कानफटात बसली त्या दिवशी डाव्या कानात एक लांबलचक शिट्टी वाजली आणि मग ती बाजू कायमची बंद झाली. म्हणून मी आजही गिटार तपासताना हनुवटी लाकडाला टेकवते, हाडातून ऐकते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई काय मन लावून काम करते! पण कितीही राग आला तरी अप्पा हातातली गिटार आधी खाली ठेवायचे. मऊ कापडावर, मान ठोकळ्यावर टेकवून, हळूच. मग फडक्याला हात पुसायचे आणि मग आपल्याकडे वळायचे. मला माराची भीती वाटायची नाही बारके, त्या हात पुसण्याची वाटायची. एकदा मी गिटार खुंटीला अडकवत होते आणि ते पट्टा उगारून अंगावर आले. मी घाबरून गिटार पोटाशी धरली, तर पट्टा वरच्या वर थांबला. लाकूड सांभाळ, एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून मी तुला शिकवलं, की अप्पांनी फडकं उचललं रे उचललं की जवळ असेल ती गिटार उचलायची, छातीशी धरायची आणि वाजवत बसायचं. तू बसायचीस. तासन्‌तास बसायचीस, बोटं सोलून निघाली तरी. लोक म्हणायचे, काय नाद आहे पोरीला! नाद कसला डोंबलाचा, पोर जीव वाचवत होती. पुढे तुला खरंच वाजवायला आवडायला लागलं, हे आपलं नशीब. ती युक्ती शिकवल्याबद्दल मी माफीबिफी मागत नाही. त्या घरात ती बरोबरच होती.

तुझ्या नवऱ्याने आधी तुझा अ‍ॅम्प्लिफायर गॅलरीतून खाली टाकला. तू मला सांगितलंस की पुसताना हातातून निसटला. एवढा जड डबा कुणी कठड्यावर ठेवून पुसतं का? मग तू दुकानात आलीस आणि म्हणालीस, ताई, असं काही कर की बाहेर काही ठेवायलाच नको. वायर नको, डबा नको, पण आवाज घुमला पाहिजे. मी म्हटलं, करून देते. साबणाच्या वडीएवढी एक डबी मी मागवली. गिटारीच्या भोकातून आत हात घालून, छोट्या आरशात बघत पाठीला आतल्या बाजूने लोहचुंबकाच्या पट्ट्या बसवल्या आणि बाहेरून डबी चिकटवली. तुला तेव्हा समजावलं होतं, ही डबी लाकडात उतरलेली थरथर ऐकते, तिच्यात पडसाद मिसळते आणि ती गिटारीच्या पाठीलाच परत देते. लाकूडच हलतं, लाकूडच घुमतं. वेगळा स्पीकर नाहीच. तू एकच तार छेडलीस आणि आपलं एवढंसं दुकान रिकाम्या सभागृहासारखं भरून गेलं. मी हनुवटी टेकवली होती, माझे दात थरथरले. तू तोंडावर हात ठेवून खुदखुदलीस, लहानपणी हसायचीस तशी. हात वर गेला तेव्हा मनगटावरचा निळा वळ दिसला. विचारलं, तर दारात सापडला म्हणालीस. दार, टेबल, खुर्ची. तुझ्या घरातलं सगळं फर्निचर तुझ्यावर खार खाऊन आहे की काय कोण जाणे!

आता त्या गिटारीचं सांगते. टेबलावरून पडलेली गिटार मी आजवर पुष्कळ वेळा जोडली आहे. तिची मान तुटते, नाहीतर बुडाचा कोपरा फुटतो. हिची मान शाबूत होती, कोपरे शाबूत होते. पुढची फळी मात्र मधोमध आत गेली होती, स्टुलाचा पाय बसावा तेवढ्याच मापात, आणि एकदा नाही, एकावर एक. पाठ तडकली होती ती डबीच्या चारी बाजूंनी. नुसती खाली पडलेली गिटार अशी तडकत नाही. मागे कुणीतरी उभं असावं लागतं, पाठीला पाठ देऊन नाही, छाती देऊन. तुझ्या बरगड्यांवर चौकोनी डाग आहे आणि तो कशाचा हे डॉक्टरांना कळत नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. मला कळलं. मी डबी काढून तळहातावर धरली आणि तिचे चार कोपरे बघत बसले. तो स्टूल घेऊन अंगावर आला तेव्हा दार तुझ्यापासून दोन पावलांवर असणार, मला तुमची खोली माहीत आहे. गिटार होती पार पलीकडच्या कोपऱ्यात. आणि तू पळालीस ती गिटारीकडे! तुला वाटलं, ही हातात आहे तोवर कुणी मारणार नाही. अगं वेडे, अप्पांना निदान लाकडाची तरी माया होती. ह्याला कशाची आहे?

मी बघत असताना तो शेजारी उभा राहून तक्रार करत होता. ते आतलं यंत्र बिघडलंय म्हणे, बदलून टाका, आपटल्यावर थांबेचना, धाड धाड वाजतच राहिलं. आपटल्यावर, बरं का. मग जीभ चावली आणि पडल्यावर म्हणाला. मी डबीचं बटण पाहिलं. पडसाद पार टोकाला फिरवलेला होता, तुला आवडतो तसा. म्हणजे त्याने एक घाव घातला आणि गिटारीने तो घाव परत केला, पुन्हा केला, पुन्हा केला. आणि तो आवाज बंद करायला हा मारत गेला, मारत गेला, आणि मधे तू होतीस. माझ्या हातांनी बसवलेली ती डबी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं त्याला मी अहोजाहो केलं, ते त्या क्षणी संपलं. खरं सांगू? मला तो मरायला हवा होता. पटाशी हाताशी होती, आजच धार लावलेली. त्याचा गळा कुठे मऊ आहे ते मला दिसत होतं. आणि तेवढ्यात मला कळलं, की मी फडक्याला हात पुसतेय.

ते फडकं मी फेकून दिलं. गिटार मानेला धरून उचलली आणि बाकावर आपटली. पहिल्या फटक्यात पाठ गेली, दुसऱ्यात कडा उकलल्या, मग मी मोजलं नाही. तारा सुटून सटासट वाजत होत्या, ढलप्या उडत होत्या, एक माझ्या तळहातात घुसली, आणि मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मलाच ऐकू येत नव्हतं. अप्पांनी जन्मभर माणसं मोडली पण गिटारीला ओरखडा येऊ दिला नाही. मी उलट केलं. तो आधी हसला, मग वेडी झालीस का म्हणून हात उगारून पुढे आला. तेव्हा मात्र मी पटाशी उचलली आणि म्हटलं, ये. मी काही बारकी नाही आणि माझ्या हातात गिटारही नाही, ये. चोर तो चोर, वर शिरजोर, पोलिसांत जाईन म्हणाला. म्हटलं, चल, मीच येते सोबत, त्या स्टुलाचं मापही घेऊन येते. मग गेला. चादर तशीच टाकून गेला. मान तेवढी राहिलीय, सहा खुंट्या आणि अप्पांची सही. बाकीचं सगळं मी झाडून पोत्यात भरलं. शिव्या घालायच्या तर आता घाल, अप्पांची शेवटची गिटार मी फोडली. उद्या तो कदाचित दुसरी विकत आणेल, लाल रिबीन बांधून कोपऱ्यात ठेवेल. ठेवू दे. तू तिला हात लावू नकोस. यापुढे कुणीही हात उगारला तर गिटारीकडे बघायचंसुद्धा नाही, दाराकडे पळायचं.

आणि दारावरूनच आठवलं, खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. नर्सबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं ते हेच. तू त्यांना म्हणालीस, की स्टुलाच्या आदल्या रविवारी तू माझ्याकडे आली होतीस, पिशवी घेऊन, आणि ताईने दार उघडलं नाही. खूप वेळ वाजवलंस आणि मग परत गेलीस. बारके, मी घरात होते, दुकानामागच्या खोलीत. दुकान बंद होतं, जेवून आडवी झाले होते, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत आणि वर राहिला तो अप्पांनी बंद केलेला. मला काहीही ऐकू आलं नाही गं. तू पायरीवर उभी होतीस आणि मी आत घोरत होते. तू मनात धरलंस, ताईने पाठ फिरवली. नाही गं माझे आई, नाही. ती डबी मोडली नाहीये. आज मी ती आपल्या मागच्या दाराला लावली, तू वाजवलंस त्याच, पातळ प्लायवूडचं आहे ना, छान घुमतं. लोहचुंबक आतून, डबी बाहेरून, पडसाद पार टोकाला. मघाशी बाहेर जाऊन एकदाच टकटक केलं आणि पळत आत आले, तर दार अजून बोलत होतं. दाराला टेकवलेल्या खाटेची कड थरथरत होती. मी बहिऱ्या कानावर झोपले काय आणि चांगल्यावर झोपले काय, आता मला कळेल. उद्या सकाळीच, तो यायच्या आधी, नर्सबाई तुला मागच्या जिन्याने रिक्षात बसवतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. पिशवी घेऊ नकोस, चपला घाल आणि ये. बरगड्या दुखतील, जोरात वाजवू नकोस. नुसतं बोट टेकवलंस तरी पुरे आहे.

दाराशी बसलेली,
तुझीच ताई