तिसरी रेघ

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. चारशे अर्जांतून सहा विद्यार्थी निवडले आणि त्यात मी, ही बातमी आईने एव्हाना सगळ्या नातेवाइकांना ऐकवली असेल. आरोग्य धोरणाची आठ आठवड्यांची फेलोशिप, शेवटी जागतिक परिषदेत अहवाल. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच. पलंग, टेबल, एक खिडकी आणि कुरकुरणारा हिरवा दरवाजा. आई फोनवर गादीची चौकशी करत होती, तर मागून ताई ओरडली की जगाचं आरोग्य सुधारायला निघालेल्याने आधी स्वतःचे मोजे धुवावेत.

बाकीचे पाच फेलो भेटले. एकापेक्षा एक नग. त्यातला एक दर वाक्यात ‘समुदाय’ म्हणतो. समुदायातल्या कुणाशी तो कधी दोन शब्द बोलला असेल असं वाटत नाही. प्रमुख बाई आलेखांवर इतक्या खूश की त्यांचं नावच आलेखबाई पडलंय. या मंडळींत चमकायला मला फार कष्ट पडू नयेत.

५ फेब्रुवारी

काम समजलं. रक्तदाबाच्या गोळ्या दवाखान्यातून फुकट घेणाऱ्या दोनशे चाळीस लोकांची यादी माझ्या वाट्याला आली आहे. घरोघर जाऊन विचारायचं, गोळ्या वेळेवर मिळतात का. दार उघडलं नाही तर चौकटीवर खडूने एक उभी रेघ. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन भेटी, तीन रेघा. तिसऱ्या रेघेनंतर यादीत नावापुढे ‘गळाले’ लिहायचं, आणि ती यादी दवाखान्यात गेली की तिथूनही नाव कमी.

सोबत नर्सबाई दिल्या आहेत. वीस वर्षं याच गल्ल्यांत पायपीट. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, दार वाजवलं की मनात शंभर मोजायचे, म्हातारी माणसं उठेपर्यंत वेळ लागतो. मी मान डोलावली. वीस वर्षांत एक पायरी वर न चढलेल्या बाईकडून मी मोजायला शिकणार म्हणजे कमालच.

१४ फेब्रुवारी

नर्सबाईंना सर्दी, त्यामुळे आज एकटा. कोपऱ्यावरची इमारत, चार मजले, लिफ्ट नाही. चौथ्यावर अकरा दारं. दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो (माझी सवयच आहे) आणि वर पोचल्यावर एक साधा विचार केला. या अकरा जणांच्या उत्तरांनी जागतिक धोरणात कसला फरक पडणार आहे? एकही दार न वाजवता प्रत्येक चौकटीवर तीन-तीन रेघा ओढल्या, यादीत तारखा मागच्या-पुढच्या टाकून ‘गळाले’ लिहिलं. दहा मिनिटांत मोकळा.

शेवटच्या दाराआड कुणाला तरी चाहूल लागली. आतून म्हातारीचा आवाज आला, आले हं, थांबा जरा. थांबायला कुणाला वेळ आहे! खाली येऊन मजेत चहा घेतला.

२० फेब्रुवारी

सर्वांत आधी यादी पूर्ण केली म्हणून आलेखबाईंनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. ‘समुदाय’वाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बिचारा अजून दारांपुढे शंभर मोजतोय.

२७ फेब्रुवारी

नर्सबाई कार्यालयात आल्या. चौथ्या मजल्यावरच्या आजी दिसत नाहीत म्हणाल्या. दाराला कडी लावलेली नाही, आत पलंग आहे, चूल कोमट आहे, आजी नाहीत. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, इथे कधी कुणी राहतच नव्हतं. बाजूची दहा घरंही तशीच. मी म्हटलं, लोक गावाला जातात. त्यांनी विचारलं, तू तिन्ही वेळा दार वाजवलंस ना? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, त्या आजींच्या नातवाचं बारसं मी जेवले होते, आणि आज तो पोरगा मला विचारतो, कोण आजी?

म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. नर्सबाईंचंही वय झालंच.

३ मार्च

सहज जाऊन आलो. शंका म्हणून नव्हे.

अकरा दारं, नुसती लोटलेली. शेवटचं वाजवलं. आतून लगेच आवाज आला, आले हं, थांबा जरा. दार ढकललं. पलंग रिकामा. खोलीत कुणी नाही. आणि त्या रिकाम्या पलंगावरूनच पुन्हा, आले हं, आले. शेजारच्या दाराआडून एका पुरुषाचा आवाज, मी आहे आत. मग तिसरा. मग सगळे, न ओरडता, अगदी समजुतीने, जणू मी आत्ताच आलोय आणि त्यांना फक्त उठायला उशीर होतोय.

पळत सुटलो. दोन-दोन पायऱ्या. तिसऱ्या वळणावर पाय मुरगळला.

४ मार्च

घोटा टम्म सुजलाय. लंगडत आलेखबाईंकडे गेलो, सगळं कबूल केलं, अकरा नावं परत घ्या म्हटलं. त्या हसल्या. यादी बंद झाली म्हणाल्या. आलेख इतका सुरेख आलाय, आता अकरा माणसांपायी तो कशाला बिघडवायचा? दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मागच्या महिन्यात म्हणालोच.

५ मार्च

दिवसभर खोलीत. पाय टेकवत नाही. कुणी आलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तर चौकटीवर खडूची रेघ. उभी. एक.

फेलोंची चेष्टा असणार. भिकार चेष्टा. पुसली. जात नाही.

६ मार्च

सकाळी जिन्यावर पावलं. हाक मारली. दारापर्यंत सरपटत गेलो तोवर —

दुसरी रेघ.

‘समुदाय’वाला समोरून गेला. नावाने हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

आईला फोन लावला. ती विचारते, कोण बोलतंय. आई, मी. ती म्हणाली, चुकीचा नंबर लागला असेल, मला एकच मुलगी आहे. आवाज मात्र तसाच मायेचा. मागून ताईने विचारलं, कोण गं. आई म्हणाली, कुणी नाही.

७ मार्च

दाराशीच बसलोय. पहाटेपासून. खुर्ची लावून दार उघडं ठेवणार होतो, पण ते उघडतच नाही. फुगलं असेल. की मीच —

नर्सबाईंना फोनवर निरोप ठेवलाय. त्या शंभर मोजतील. त्या मोजतातच.

पाय बधिर झालाय. उठायला वेळ लागेल.

जिन्यावर कुणीतरी. नर्सबाई नाहीत. त्या एकेक पायरी चढतात. हा दोन-दोन टाकतोय. घाईत. ही चाल मला —

दाराबाहेर थांबला. वाजवत नाही. खडू खिशातून काढल्याचा —

आलो हं. थांबा जरा. मी आहे आत, उठतोच आहे, फक्त पाय —