थरथरती रेघ

लाहोर, ११ मार्च १९८७

प्रिय आपा,

सलाम. इकडे सगळे खुशाल आहेत. मुलतानची धूळ तुझ्या दम्याला सोसतेय ना? दूल्हाभाईंना सांग, त्यांनी पाठवलेला सोहन हलवा सफियानं कुलपात ठेवलाय आणि किल्ली माझ्यापासून लपवलीय.

प्रदर्शन पार पडलं. कॉलेजच्या मुलींनी हट्टानं माझी नवी-जुनी सगळी चित्रं लावली. वर्तमानपत्राचा एक समीक्षक आला होता. जुन्या चित्रांपुढून तो बस सुटत असल्यासारखा गेला आणि या हिवाळ्यात काढलेल्या रावी नदीच्या चित्रांपुढे खिळला. म्हणाला, "तुफैलसाहेब, काय ही थरथरती रेघ. अख्ख्या शहराची बेचैनी पकडलीत." मी नम्रपणे मान झुकवली. मागून सफिया म्हणाली, "शहराचं माहीत नाही, पण घरी यांच्या हातात चहाचा कप राहत नाही."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तोही थांबला.

तर आपा, ते असं आहे. डॉक्टर म्हणतात, हाताची थरथर जाणार नाही, वाढेल. तुला घोर नको म्हणून ईदच्या पत्रात लिहिलं नाही. हे पत्रही सफियाच लिहितेय. मी सांगतो, ती त्यातलं गाळते.

राजीनामा घेऊन आमच्या प्रिन्सिपल बेगम दुर्रानींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "शिकवायला जीभ लागते मास्तरसाहेब, आणि तुमची तर जरासुद्धा थरथरत नाही."

मग वर्गात म्हटलं, आज मी सांगतो, तुम्ही काढा. रावीतून बाहेर येणारी म्हैस. बहुतेकींच्या म्हशी बेगम दुर्रानींवर गेल्या. पण मेहरीन नावाच्या मुलीनं पाण्यातून वर येणाऱ्या पाठीची एकच रेघ ओढली. आपा, ती रेघ मला उभ्या जन्मात जमली नव्हती. मी "ठीक आहे" म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही.

सफियानं विचारलं, "पोरीवर जळता काय?"

"हो."

"मग उद्या जळायला तरी जा."

गेलो. आता रोज जातो. काल मेहरीनला म्हटलं, शिंगं चुकलीत. ती म्हणाली, "सर, शिंगं तुम्ही सांगितलीच नव्हती." खरंच होतं. पूर्वी हातानं दाखवून मोकळा व्हायचो. आता सांगण्यासाठी आधी मलाच नीट बघावं लागतं.

सही मात्र मी स्वतः करणार आहे. सफिया म्हणते, शाई सांडेल. सांडू दे.

तुझा धाकटा,
तुफैल

आपा, सही झाली. अर्धी टेबलावर आहे, पुसलेली नाही. — सफिया