रविवारचे वाचन

बे रिज, ब्रुकलिन
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय मारित,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे. हीटर अखेर दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्या कार्मेलाने भाजलेल्या वांग्यांचा एवढा मोठा ट्रे पाठवला आहे की तो संपेपर्यंत नाताळ उजाडेल. अक्षर मोठे वाटेल. पेन नवे आहे.

रविवारी तू मला सल्ला विचारलास. मॅनहॅटनमधली इन्व्हेस्टमेंट बँक की शिकागोची प्रायव्हेट इक्विटी कंपनी, हे तुला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे.

"आजोबा, बँकवाले म्हणजे लग्न जुळवणारी मंडळी," तू म्हणालीस. "कंपनीचा सौदा जमवला, जेवले, निघाले. शिकागोवाले कंपनी स्वतः विकत घेतात, काही वर्षं तिच्याशी संसार करतात. मला संसार करून बघायचाय!"

"आधी चार लग्ने जुळवून बघ," मी म्हणालो. सगळे बँकेत दोन वर्षे उमेदवारी करूनच तिकडे जातात. कॉलेजातून थेट मिळालेली जागा म्हणजे अवेळी पिकलेले फळ, वगैरे. आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस मी. मुद्द्यामागून मुद्दा शिस्तीत मांडला. तुझा चेहरा उतरत गेला, तो मला दिसला नाही. पण आवाज उतरलेला ऐकू आला.

जाताना तू दारात थांबलीस. "आजोबा, खरं सांगा. यात तुमचं स्वतःचं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. वाक्य एका शब्दाचे, निर्दोष आणि धादांत खोटे.

काल जिन्यात कार्मेला भेटली. "काय मास्तर, पोरगी कुठे चालली?"

"बँकेत. इथेच, मॅनहॅटनला," मी ऐटीत सांगितले. "रविवारी येत जाईल."

"रविवारी?" ती एवढी हसली की तिला कठड्याला धरावे लागले. "अहो, माझा भाचा डॉमिनिक बँकेतच आहे की! राहतो इथून चार स्टेशनांवर. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापत होता, तेवढ्यात साहेबाचा फोन. सुरी टर्कीतच खुपसून पळाला! कसले रविवार घेऊन बसलात?"

मी वर येऊन खुर्चीत बसलो. त्या नोकरीत तुझे रविवार जातील, याचे दुःख मला आधी व्हायला हवे होते. मला आधी माझ्या रविवारांचे झाले. तेव्हा मला माझी ओळख पटली आणि ती सुखद नव्हती.

मारित, पेन जुनेच आहे. वसंतात डॉक्टरांनी सांगितले की माझ्या दृष्टीचा मधला भाग गेला आहे आणि तो परत येणार नाही. कडेकडेचे दिसते: दाराची चौकट, तुझा खांदा. छापील अक्षर दिसत नाही. "तुझे उच्चार ढिले पडत चालले आहेत, मोठ्याने वाच," असे म्हणून दर रविवारी तुझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतले, ते यासाठी. तुझे उच्चार स्वच्छ आहेत, नेहमीच होते. उगाच टोकत राहिलो, त्याबद्दल क्षमा कर.

माझे मुद्दे चूक होते असे मी म्हणत नाही. कदाचित बँकच योग्य असेल. परंतु ते मुद्दे मी तुझ्यासाठी मांडले नव्हते. शिकागो दूर आहे, एवढेच मला म्हणायचे होते आणि तेवढेच मी म्हणालो नाही. आता तू माझे पारड्यातले वजन काढून घे आणि मग तोलून पाहा.

वाचनाची सोय झाली आहे. आज सकाळी कार्मेलाला सगळे सांगितले. ती प्रत्येक बातमीत स्वतःचे मत मिसळते, सवय होईल. हे पत्र उद्या तीच तुझ्या हाती देईल. फोनवर मी पुन्हा युक्तिवाद केला असता.

हे पत्र मी तपासलेले नाही. तपासता आले नाही. चुका सापडतील, त्या सुधारू नकोस, तशाच राहू दे.

तुझा,
शिकागोहून तुझे पत्र आले, तर तेही कोणाकडून तरी वाचून घेणारा
आजोबा