लाल मोटारीचा चुकलेला ठोका

कार्तिक वद्य २, सोमवार. युसूफ वडगाव

मोटारीचं वर्साचं काम आज संपलं. तेल बदललं, चारी प्लग घासले, ठिणगी देणाऱ्या म्याग्नेटोचे पाइंट साफ केले, कारबोरेटर उघडून धुतला, टापेट लावले. गेल्या साली केलं तसंच, त्याच हातानं. दुपारी हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला सुरू. पण जागच्या जागी थरथरायला लागली. भक् भक् भक्, मग एक ठोका गायब. परवा काम काढलं तवा ठणठणीत होती. म्हणजे जे झालं ते माझ्याच हातानं झालं. काय झालं ते कळेना.

रावसाहेब देशमुख, आमचे मालक, आवाज ऐकून बाहेर आले. "शंकर, हिला हिवताप आला का बे?" हसले. मला हसू आलं न्हाई. दोन माणसांची ही लाल पळती गाडी त्यांनी सिकंदराबादच्या एका गोऱ्या अंमलदाराकडनं घेतली. पोटच्या पोरीनंतर तिलाच जपतात.

व. ३, मंगळवार

लाकडी मुठीचा पेचकस प्लगवर टेकवून ठिणगी तोडून एकेक सिलिंडर मारून पाहिला. चालता मारला की इंजन आणखी रडतं. मेलेला मारला तर काय फरक न्हाई. सकाळी मेलेला निघाला तिसरा. त्याचा प्लग पहिल्यात घातला, दोष संगं जाईल म्हणून. न्हाई गेला. गाडी गरम झाल्यावर पाहिलं तर तिसरा चालू अन् दुसरा मेलेला. मग थंड होऊ दिली, पुन्हा पाहिलं. चारी चालू. तरी थरथरते.

हे कसं काय, ते—

बायको सखू म्हणाली, "जेवताना बी बोटं वाजवायलात तुमी." ठोके मोजत होतो, माझ्या ध्यानात बी न्हाई.

व. ४, बुधवार

पेट्रोलवर संशय. बार्शीहून आलेले डबे करोडगिरीच्या जकात नाक्यावर दोन दिस उन्हात पडले होते. सगळं हरणाच्या कातड्यातनं गाळलं. पाणी न्हाई, गाळ न्हाई. कारबोरेटर पुन्हा उघडला, जेटात फुंकर मारली. साफ. वायरी उलटसुलट लागल्या का पाहिलं. बरोबर हायेत. सगळंच बरोबर हाय अन् गाडी चालंना.

रा.सा.ना बीडहून जावयाचं पत्र आलं. यमूताईंना बाळंतपणाला माहेरी न्या, सातवा लागला. रा.सा. म्हणाले, "बैलांच्या दमणीतनं एवढ्या लांब हादरे खात आणायची न्हाई माझी पोर. रविवारी तू मोटार घेऊन जा. तिच्यापाशी गोदाकाकू हायेत, त्या मागं डिकीच्या उघड्या बाकावर बसतील." मी जी म्हणलं. दुसरं काय म्हणणार. घाटात मधेच बंद पडली तर काय, हे ओठावर आलतं.

व. ५, गुरुवार. केज

बैलगाडीनं केजला गेलतो, उस्तादांकडं. करीम उस्तादांनी मला इंजन शिकवलं. जिनिंगमधी तेलाची इंजनं त्यांच्या कानावर चालायची. भिंतीपलीकडनं ऐकून सांगायचे, कुठला वॉल, कुठली झडप गेलीय.

परड्यात पाठमोरे बसले होते. तीनदा हाक मारली. वळले न्हाईत. वाटलं, रागावले. चाची आतून आल्या, हळूच म्हणाल्या, "सामनेसे जा बेटा. दोन बरस झाले, कम सुनते. अब तो कुछ बी न्हाई."

दोन बरस. गेल्या साली ह्याच गाडीच्या बानटाला, इंजनावरच्या पत्र्याला, कान लावून उस्ताद म्हणलते, "सही है." तवा त्यांनी काय ऐकलं?

समोर गेलो. माझ्या तोंडाकडं बघून समजले, मला कळलंय. गाडीचं सांगितलं, ओठ हलवून, हातानं दाखवून. लगेच पिशवी उचलली. वाटेत म्हणाले, "रावसाबकू नक्को बोलना. उनकी नजरमें मेरी इज्जत मेरा कान हाय, बस."

बोलू न्हाई तर कसं चालंल. बोलू तर कसं.

व. ६, शुक्रवार

उस्तादांनी गाडी सुरू करायला लावली अन् तळवा इंजनावर ठेवला. डोळे मिटलेले. मग मागं जाऊन उकिडवे बसले, धुराच्या नळीसमोर कागदाचा तुकडा धरला. कागद बाहेर फडफडतो, ते ठीक. मधेच एकदा आत ओढला जातो. मला दाखवलं. "वॉल पूरा बैठता न्हाई. टापेट तंग लगाया तूने."

म्हणलं, मापानंच लावलेत, फट मोजायची तीच पत्री. पत्री त्यांनी बोटात धरली. ती दुमडून वापरायची, ही उलगडलेली. अर्धी जाडी. कवा उलगडली, कुणी, मला न्हाई आठवत. आठवत असतं तर बरं झालं असतं.

मोजून सगळे टापेट ढिले केले. फरक पडला, खरंच पडला. दुसरा पुन्हा मेला न्हाई. पण तासाभरानं मला एक ठोका चुकलेला ऐकू आला. उस्तादांचा हात इंजनावरच होता. त्यांनी मान हलवली, न्हाई म्हणून.

ऐकलं मी. का ऐकल्यासारखं वाटलं?

व. ७, शनिवार

तेलाच्या कुपीनं कारबोरेटरच्या जोडावर थेंब सोडले. एका जागी इंजनाचा सूर बदलला, थेंब आत ओढला गेला. हवा खात होती. काम करताना जोडातलं जुनं पुठ्ठ्याचं प्याकिंग चिरलं असणार. नवं कापून बसवलं. म्हणजे दोन दोष, दोन्ही माझे. तिसरा हाय का न्हाई, हे सांगायला कुणी न्हाई. प्लग काढावा तर ठीक, वायर हलवावी तर ठीक. दिसभरात तीनदा चुकली, का दोनदा. एकदा तर शेजारी कुणीतरी बाजरीची कणसं बडवत होतं, त्याचाच आवाज असंल.

संध्याकाळी रा.सा. गाडीपाशी आले. उस्ताद हात धूत होते. रा.सा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी हाक मारली, यांनी पाहिलं बी न्हाई. यांना ऐकू येतं ना, शंकर?"

मी म्हणलं, "येतं की."

"मग हे म्हणतात ठीक हाय तर ठीकच. उद्या निघ."

कावून म्हणलं तसं? त्यांची पोर हाय. विचारलं तवाच खरं सांगायचं होतं. गेलतो बी मागनं, ओसरीपर्यंत. रा.सा. पूजेला बसले होते. परत आलो.

व. ८, रविवार. बीड

पहाट सरल्यावर निघालो. उस्ताद शेजारच्या जागेवर, तळवा समोरच्या फळीवर. मीच या म्हणलं. केजपर्यंत गाडी तेलावानी चालली. माळावर ज्वारी पोटरीला आलेली, रस्ता कोरडा. वाटलं, संपलं एकदाचं.

लिंबागणेशकडं रस्ता फुटतो त्याच्या अलीकडं उस्तादांनी माझ्या मांडीवर थाप मारली. म्हणलं काय? बोट वर केलं, थांब. अन् मग मी ऐकलं, भक्, एक गेला. पुढचे नीट. त्यांना आधी कळलं. माझ्या कानाच्या आधी, फळीतनं.

उतरून पाणी घातलं, सगळं हात लावून पाहिलं. काय न्हाई सापडलं. उस्ताद बराच वेळ म्याग्नेटोवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "मेरेकू बी समझा न्हाई." शिकायला लागल्यापासनं त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं थोडं.

मांजरसुंब्याचा घाट उतरून दुपारी बीडला. उतरताना इंजनाला जोर पडत न्हाई. उद्या तोच घाट चढायचा, भरल्या गाडीनं. अन् उद्या उस्तादांना जागा न्हाई. ते मागनं टपालाच्या टांग्यानं येणार.

यमूताई बाहेर आल्या. तोंड उतरलेलं, पायावर सूज. त्यांना सगळं सांगून टाकलं. ठोका, घाट, उस्तादांचे कान, रा.सा.ना मी बोललो ते. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "आबांना खोटं कावून सांगितलंस?"

म्हणलं, "न्हाई माहीत, ताई."

"अन् गाडी चढंल का?"

"ते बी न्हाई माहीत."

मग म्हणाल्या, "दमणीतनं आले तर दोन दिस लागतील. इथं राहिले तर वैद्य पुरुष, त्याला सासूबाई खोलीत येऊ देत न्हाईत. तू हळू चालव. बंद पडली तर पडली, दोघं मिळून काय ते बघू." गोदाकाकूंना यातलं सांगू नको म्हणाल्या. आणखी एक गोष्ट कुणालातरी न सांगायची.

व. ९, सोमवार. बीड, सकाळ

गाडी सुरू केली. पहिल्या फेऱ्याला घेतली. उस्तादांनी दोन्ही तळवे बानटावर ठेवले, लई वेळ. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. काय वाचता येईना. शेवटी हात काढले, माझ्या खांद्यावर ठेवले, अन् बाजूला झाले. ठीक हाय म्हणाले न्हाईत. जाऊ नको बी म्हणाले न्हाईत.

काकू डिकीत चढल्या, बोचकं मांडीवर. ताई बसल्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, फळीला घट्ट धरून. जावई दाराशी उभे. पाण्याचा डबा बांधायला गडी दोर आणतोय, तेवढ्यात हे लिहितोय. इंजन चालूच ठेवलंय. गेल्या पाव घटकेत एकदा बी चुकलं न्हाई. मोजतोय.

ताईंनी आत्ता विचारलं, "आत्ता गेला का एक ठोका?"

मला चुकलेला ऐकू आला न्हाई. दोर आला. निघालो.